कोळसा संपला नव्हता : प्रस्तावना

30 सप्टेंबर 2024 या एकाच दिवशी ब्रिटनमधल्या दोन मोठ्या भट्ट्या कायमच्या विझल्या. नॉटिंगहॅमशायरमधल्या रॅटक्लिफ-ऑन-सोर इथले दोन हजार मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र बंद झाले, आणि 1882 साली लंडनच्या होबर्न व्हायडक्टवर सुरू झालेली कोळशाच्या विजेची परंपरा त्या देशापुरती 142 वर्षांनी खंडित झाली. त्याच दिवशी साउथ वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटला टाटा स्टीलने आपली शेवटची झोतभट्टी थंड केली. अखेरच्या वर्षांत दोन्ही ठिकाणी जळत होता तो कोळसा मुख्यतः बाहेरून आणलेला होता. ब्रिटनची शेवटची मोठी भूमिगत खाण, यॉर्कशायरमधली केलिंग्ली, 18 डिसेंबर 2015 रोजीच बंद झाली होती. तिच्या पोटात कोळसा शिल्लक होता. आजही आहे.

खाण संपली असे केव्हा म्हणायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. खाणकामगाराचे उत्तर सरळ होते: थर संपला, किंवा आत उतरणे जिवावर बेतू लागले, की खाण संपली. हिशेबनिसाचे उत्तर वेगळे: एक टन कोळसा वर आणायला लागणारा पैसा त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला, की खाण संपली, खाली कितीही कोळसा असो. अलीकडे हवामानशास्त्राने तिसरे उत्तर दिले आहे: कोळसा भरपूर आहे म्हणूनच तो आता खाली राहू द्यायला हवा. या तीन उत्तरांच्या झगड्यात ब्रिटिश कोळसा उद्योगाची शेवटची सत्तर वर्षे गेली. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. हा उद्योग आज ना उद्या आटणारच होता, आणि पुष्कळ अंशी ते बरेच झाले. पण तो आटवताना हिशेब एकाच वहीत मांडला गेला, आणि ती वही खाणी चालवणाऱ्या मंडळाची होती. उरलेला खर्च गावांनी सोसला, कामगारांच्या फुप्फुसांनी सोसला, आणि शेवटी ज्या सरकारी तिजोरीच्या बचतीसाठी हे सारे चालले होते तिलाही त्यातला मोठा वाटा उचलावा लागला.

शाळेच्या भूगोलात आपण सगळेच प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक व्यवसाय शिकलो. शेती, मासेमारी, जंगलतोड, खाणकाम असे निसर्गातून थेट काही काढून घेणारे व्यवसाय प्राथमिक. त्यावर प्रक्रिया करणारे द्वितीयक. सेवा पुरवणारे तृतीयक. ही मांडणी रूढ केली ती प्रामुख्याने दोन अर्थतज्ज्ञांनी: न्यूझीलंडचे ॲलन फिशर यांनी 1935 साली आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन कॉलिन क्लार्क यांनी 1940 साली. देश श्रीमंत होत जातो तशी माणसे पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकतात, असा तिचा मथितार्थ. आकडे तिला बहुतांशी दुजोरा देतात. आज ब्रिटनच्या शेतीत कामकरी लोकसंख्येपैकी जेमतेम एक टक्का माणसे आहेत. 1976 साली आइसलंडने आपल्या दोनशे सागरी मैलांच्या हद्दीचा वाद जिंकल्यावर हल बंदराचा दूरच्या पाण्यातला मासेमारी ताफा लयाला गेला. कॉर्नवॉलमधली साउथ क्रॉफ्टी ही शेवटची कथिलाची खाण 1998 साली बंद झाली.

तक्त्यात ही हालचाल फार सोपी दिसते. एका रकान्यातला आकडा घटतो, दुसऱ्यातला वाढतो, आणि आपण गृहीत धरतो की मधला बाण ओलांडून गेलेली माणसे तीच आहेत. प्रत्यक्षात एका गावातली पन्नाशीची माणसे कामावरून निघतात आणि दोनशे मैलांवरच्या शहरात पंचविशीची दुसरीच माणसे कामाला लागतात. देशाची सरासरी सुधारते आणि गाव जिथल्या तिथे राहते. हे नीट पाहायचे तर प्राथमिक उद्योगांतले सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त नोंदले गेलेले उदाहरण घ्यायला हवे. म्हणून मी शेती आणि मासेमारी बाजूला ठेवून कोळसा निवडला.

ब्रिटनमध्ये कोळसा हा अनेक उद्योगांपैकी एक उद्योग कधीच नव्हता. तिथल्या औद्योगिक क्रांतीची बरीचशी यंत्रे खाणीच्याच गरजेतून जन्मली. टॉमस न्यूकमेनचे वाफेचे इंजिन 1712 साली डडलीजवळ बसवले गेले ते खाणीतले पाणी उपसायला. रेल्वेची मुळे कोळशाच्या वाघिणी ओढणाऱ्या लाकडी रुळांत आहेत. 1825 सालच्या स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गाचा मुख्य धंदा कोळसा वाहण्याचाच होता. साउथ वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात 1851 साली हजारभर माणसे राहत होती. 1911 साली दीड लाख. तिथला कमी धुराचा, कडक आचेचा कोळसा जगभरच्या बोटींना हवा असे. 1913 साली ब्रिटनने 28.7 कोटी टन कोळसा काढला. खाणींत अकरा लाखांवर माणसे होती, आणि निर्यात व परदेशी जाणाऱ्या बोटींच्या भट्ट्या मिळून उत्पादनाचा सुमारे एक तृतीयांश भाग देशाबाहेर जात होता.

या साखळीची एक कडी मुंबईत आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली. युरोपची टपाल वाट तांबड्या समुद्रातून काढता येते हे तिने दाखवले. पण तिच्यासाठी वाटेवरच्या बंदरांत आधी कोळसा नेऊन साठवावा लागला, आणि त्यापायी ही सफर भलतीच महाग पडली. नऊ वर्षांनी कंपनी सरकारने एडन घेतले ते मुख्यतः कोळशाच्या ठाण्यासाठी, आणि पुढे जवळजवळ शतकभर एडनचा कारभार मुंबईहून चालला. त्या ठाण्याच्या वखारींत पुढे वेल्सचा कोळसा येऊन पडू लागला. ब्रिटिश साम्राज्याचा नकाशा तपासला तर त्यातली कितीतरी बंदरे कोळशाच्या टप्प्यांनी ठरवलेली दिसतात.

इतक्या भरभराटीच्या काळातच विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तरुण अर्थतज्ज्ञाने 1865 साली धोक्याची घंटा वाजवली होती. कोळसा उथळ थरांतून खोल थरांत जाईल, महाग होईल, आणि त्याबरोबर ब्रिटनचे वैभव ओसरेल, असा त्याचा इशारा होता. यंत्रे काटकसरी झाली की कोळसा कमी लागण्याऐवजी जास्तच लागतो, हे त्याचे निरीक्षण आजही उद्धृत होते. त्याचे भाकीत मात्र उलट्या बाजूने खरे ठरले: मागणी आधी संपली, कोळसा उरला.

मागणी संपेपर्यंतच्या दीडशे वर्षांत खाणींनी कोळशाबरोबर आणखीही बरेच काही निर्माण केले होते. खाणगाव हे एकाच फाटकावर जगणारे गाव. पुरुष एकाच पिंजऱ्यातून खाली उतरत, एकाच पाळीत काम करत, आणि एकाचा जीव दुसऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असे. या रोजच्या परावलंबनातून संस्था उभ्या राहिल्या. साउथ वेल्सच्या खोऱ्यांत कामगारांच्या वर्गणीतून चालणारी शंभरावर वाचनालये होती. 1920 च्या कायद्याने प्रत्येक टनामागे एक पेनी कल्याण निधीत जमा होऊ लागली आणि त्यातून सभागृहे, मैदाने, खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे झाली. ट्रेडेगर गावातल्या वैद्यकीय मदत संस्थेत कामगार पगारातून काही पेन्स भरत आणि साऱ्या कुटुंबाला डॉक्टर, औषध, दवाखाना मिळे. त्याच गावात जन्मलेला, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला, आणि 5 जुलै 1948 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत त्याने ट्रेडेगरचाच नमुना देशभर नेला. वाद्यवृंद, गायकवृंद, मिरवणुकीतले रेशमी फलक, दवाखान्याची वर्गणी या सगळ्यांचा खर्च खाणीच्या पगारपत्रकातून निघत होता. कोळशाच्या किमतीत तो कुठेही वेगळा दाखवलेला नव्हता.

याचा अर्थ ते जीवन हेवा करावे असे होते, असा नाही. 14 ऑक्टोबर 1913 रोजी सेंगेनिद इथल्या खाणीत स्फोट होऊन 439 कामगार आणि बचावपथकातला एक जण मेला. व्यवस्थापकाला झालेला दंड होता 24 पौंड. 1947 च्या राष्ट्रीयीकरणानंतरही जीव स्वस्तच राहिला. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी ॲबरफॅन गावावरच्या डोंगरात रचलेला खाणीचा सात क्रमांकाचा ढिगारा पावसाने आणि आतल्या झऱ्याने सैल होऊन खाली आला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर कोसळला. 144 माणसे गेली. त्यांत 116 मुले होती. चौकशीने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी धरले. तरी उरलेले ढिगारे हटवण्याच्या खर्चापोटी दीड लाख पौंड घेतले गेले ते आपद्ग्रस्तांसाठी लोकांनी जमवलेल्या निधीतून. ती रक्कम 1997 साली, व्याज न देता, परत करण्यात आली. खाणीवर प्रेम करणारे लोक भोळे होते असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे: आपल्या मुलाला आत उतरावे लागू नये, असे वाटणारे बापही याच गावांत होते, आणि खाण बंद होऊ नये म्हणून वर्षभर उपाशी राहणारेही तेच.

खाणी बंद होण्याची गोष्ट बहुतेक लोक पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्यापासून सुरू करतात. आकडे वेगळे सांगतात. 1 जानेवारी 1947 रोजी खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या तेव्हा कामगार सात लाखांच्या आसपास होते. 1957 साली आठशेहून अधिक खाणी चालू होत्या; 1970 पर्यंत त्या तीनशेच्या घरात आल्या आणि कामगार तीन लाखांच्या खाली. यातला शेवटचा जवळजवळ निम्मा काळ मजूर पक्षाच्या हॅरल्ड विल्सन यांचा होता, आणि त्यांच्या कारकिर्दीत बंद झालेल्या खाणींची संख्या थॅचर यांच्या कारकिर्दीतल्या संख्येहून मोठी आहे.

कारणे एकावर एक येत गेली. डिसेंबर 1952 च्या लंडनमधल्या विषारी धुक्याने हजारो बळी घेतले आणि 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. घरातली कोळशाची शेगडी हळूहळू विझली. मध्यपूर्वेचे तेल स्वस्त होते. रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन ऑगस्ट 1968 मध्ये धावले. 1965 साली उत्तर समुद्रात वायू सापडला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत घराघरांतला कोळशापासून बनणारा वायू बदलला गेला. खाणीच्या आत थर तासून थेट पट्ट्यावर टाकणारी यंत्रे आली आणि तेवढाच कोळसा निम्म्या माणसांत निघू लागला. या लाटेत मोठा भडका उडाला नाही, कारण बाहेर कामे मिळत होती. डरहॅममधल्या बंद खाणीचा माणूस नॉटिंगहॅमशायरच्या चालू खाणीत जाऊ शके किंवा मोटारीच्या कारखान्यात. क्लार्क यांचा बाण त्या काळात बऱ्यापैकी खरा होता. तो मोडला 1980 नंतर, जेव्हा कारखानेही त्याच वेळी बंद पडत होते.

1984 सालचा संप या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. मार्चच्या आरंभी मंडळाने सुमारे वीस खाणी आणि वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा बेत जाहीर केला. यॉर्कशायरच्या कॉर्टनवुड खाणीपासून पेटलेला संप वर्षभर चालला. 18 जून 1984 रोजी ऑर्ग्रीव्हच्या कोक भट्टीबाहेर घोडेस्वार पोलीस आणि संपकरी समोरासमोर आले. संपभर अकरा हजारांवर लोकांना अटक झाली. कामगार नेते आर्थर स्कारगिल यांनी देशव्यापी मतदान घेतले नाही, नॉटिंगहॅमशायरच्या बहुसंख्य कामगारांनी काम चालू ठेवले, आणि 3 मार्च 1985 रोजी कोणताही करार न होता संप मागे घेतला गेला. सत्तरहून अधिक खाणी बंद करण्याची गुप्त यादी तयार आहे, असे स्कारगिल सांगत होते आणि सरकार नाकारत होते. 2014 साली खुल्या झालेल्या कागदपत्रांत मंडळाचे अध्यक्ष इयन मॅक्ग्रेगर यांचा तीन वर्षांत 75 खाणी बंद करण्याचा बेत नोंदलेला सापडला.

या संपावर शौर्याच्या आणि विश्वासघाताच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातला हिशेबाचा वाद जास्त महत्त्वाचा वाटतो. मंडळ म्हणत होते, या खाणी तोट्यात आहेत. ऑक्सफर्डचे अर्थतज्ज्ञ अँड्रू ग्लिन यांनी तेव्हाच दाखवून दिले की तोटा मंडळाच्या ताळेबंदात आहे, देशाच्या नाही. खाण बंद केली की मंडळाचा तोटा थांबतो. पण त्याच दिवसापासून सरकार बेकारभत्ता देऊ लागते, कामगाराचा प्राप्तिकर बुडतो, गावातल्या दुकानदाराचा कर घटतो, आणि रेल्वेची वाहतूक कमी होते. दोन्ही बाजू बेरजेला धरल्या तर अनेक ‘तोट्यातल्या’ खाणी चालू ठेवणे स्वस्त होते. हा युक्तिवाद अनंत काळ टिकणारा नव्हता. थर खोल जात होते आणि बाहेरचा कोळसा स्वस्त होता. पण किती खाणी, कोणत्या क्रमाने आणि किती वर्षांत, हे ठरवायला त्याचा उपयोग झाला असता. तो कोणी ऐकून घेतला नाही.

पुढची पायरी याहून घाईची होती. वीज उद्योग खासगी झाल्यावर नव्या कंपन्या नैसर्गिक वायूकडे धावल्या. 13 ऑक्टोबर 1992 रोजी मंत्री मायकल हेसल्टाइन यांनी उरलेल्या 50 पैकी 31 खाणी आणि तीस हजार नोकऱ्या जातील असे जाहीर केले, तेव्हा सुखवस्तू लंडनकरही निषेधाच्या मोर्चात उतरले. काही काळ निर्णय लांबला, मग बहुतेक खाणी बंद झाल्याच. 1994 साली उरलेला उद्योग विकला गेला.

त्याच वर्षी एक प्रयोग घडला. साउथ वेल्समधली टॉवर ही खाण मंडळाने एप्रिलमध्ये किफायतशीर नाही म्हणून बंद केली. तिथल्या 239 कामगारांनी भरपाईतून प्रत्येकी आठ हजार पौंड घातले, खाण विकत घेतली, आणि जानेवारी 1995 मध्ये ते पुन्हा खाली उतरले. ती तेरा वर्षे चालली. 2008 साली बंद झाली ती काढण्याजोगा कोळसा संपला म्हणून. खाणकामगाराच्या व्याख्येप्रमाणे संपायचे भाग्य लाभलेल्या मोजक्या खाणींपैकी ती एक. एका खाणीवरून सगळ्यांचा निवाडा करता येत नाही. पण ‘किफायतशीर नाही’ हा शेरा निसर्गनियम नसतो, एवढे टॉवरने दाखवले.

खाणीतून निघालेली माणसे गेली कुठे? शेफील्ड हॅलम विद्यापीठातल्या क्रिस्टिना बीटी आणि स्टीव्ह फॉदरगिल यांनी 1990 च्या दशकापासून याचा माग काढला. कोळसा पट्ट्यांत नोकऱ्या प्रचंड घटूनही नोंदलेली बेकारी त्या मानाने वाढलेली दिसत नव्हती. कारण बेकारांच्या यादीत नसलेले हजारो पुरुष आजारपणाच्या आणि अपंगत्वाच्या भत्त्यावर गेले होते. त्यांतल्या अनेकांची प्रकृती खरोखर खराब होती. खाण चालू असती तर ते हलके काम करत राहिले असते. बेकारीचा आकडा कमी दिसणे सरकारला सोयीचे होते आणि थोडा जास्त भत्ता मिळणे माणसाला. दोघांच्या सोयीने एक अख्खी पिढी तक्त्यातून गायब झाली. पुढे फुप्फुसाचे विकार आणि यंत्रांच्या कंपनांनी बधिर झालेली बोटे यांच्या भरपाईपोटी सरकारला चार अब्ज पौंडांहून अधिक रक्कम द्यावी लागली.

नवे रोजगार आले, पण कसे ते पाहावे. डर्बीशायरमधल्या शायरब्रुकची खाण 1993 साली बंद झाली. तिच्या जागेवर पुढे खेळाच्या वस्तू विकणाऱ्या एका बड्या कंपनीचे गोदाम उभे राहिले. 2016 साली संसदीय समितीने तिथल्या कामाच्या परिस्थितीवर कडक ताशेरे ओढले. खाणीतले काम घातक होते, पण ते कायमचे होते, त्याला संघटना होती आणि गावात मान होता. गोदामातले काम सुरक्षित, तात्पुरते आणि एकाकी. शायरब्रुक ज्या बोल्सोव्हर जिल्ह्यात आहे तिथे 2016 साली सुमारे 70 टक्के मते युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. आणि 2019 साली, 1970 पासून निवडून येणारे मजूर पक्षाचे माजी खाणकामगार डेनिस स्किनर तिथेच हुजूर पक्षाकडून हरले. लंडनला हा निकाल अनाकलनीय वाटला. कोळसा पट्ट्यात फिरलेल्यांना तो तेवढा धक्कादायक वाटला नाही.

ब्रिटनच्या शेजाऱ्यांनी हेच काम निराळ्या रीतीने केले. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनचा वायू सापडल्यावर अर्थमंत्री योप डेन आउल यांनी 17 डिसेंबर 1965 रोजी लिंबर्ग प्रांतातल्या हेर्लेन गावी स्वतः जाऊन सांगितले की खाणी बंद होणार. 1974 च्या अखेरीस शेवटची खाण बंद झाली. सरकारी खाण कंपनी रसायनांकडे वळली आणि राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा मोठा भाग हेर्लेनला हलवण्यात आला. जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत 1957 साली सहा लाखांवर माणसे होती. 1968 साली रूर खोऱ्यातल्या बहुतेक खाणी एका कंपनीत एकत्र आल्या, आणि पुढची पन्नास वर्षे निवृत्ती, बदली आणि प्रशिक्षण यांच्या साहाय्याने, सक्तीची कपात टाळत, संख्या उतरवत नेली गेली. शेवटची खाण बॉट्रॉपला 21 डिसेंबर 2018 रोजी बंद झाली. ज्या खोऱ्यात पूर्वी विद्यापीठ नव्हते तिथे बोखुमला ते उभे राहिले.

हे चित्र रंगवताना हात आखडता घ्यायला हवा. जर्मनीने या सावकाशीसाठी मोजलेली अनुदाने शंभर अब्ज युरोंहून अधिक होतात असे अंदाज आहेत. बोखुमला बंद खाणीच्या जागेवर 1962 साली आलेला ओपेल मोटारींचा कारखाना 2014 साली स्वतःच बंद पडला. रूरमधले गेल्झनकिर्शन आजही देशातल्या सर्वाधिक बेकारीच्या शहरांत मोडते. शिवाय रूरमधली जमीन उपशामुळे इतकी खचली आहे की पाण्याचे पंप कायम चालू ठेवावे लागतात आणि त्यासाठी वेगळे प्रतिष्ठान नेमावे लागले. पैसा आणि वेळ दोन्ही दिले तरी खाणीची जागा पूर्ण भरून निघत नाही. तरीही रूरच्या गावांनी आपल्याला फेकून दिले असे म्हटले नाही, हा फरक छोटा नाही.

आता तिसऱ्या उत्तराकडे येऊ. 2012 साली ब्रिटनच्या विजेपैकी सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. बारा वर्षांत ती शून्यावर आली. तापमानवाढीच्या दृष्टीने हे मोठे यश आहे आणि ते नाकारणारे प्रकरण या पुस्तकात नाही. 1984 चा संप जिंकून ज्या खाणी वाचल्या असत्या त्याही आज बंदच झाल्या असत्या. पण शिकण्यासारखी तुलना इथेच आहे. कोळशाची वीजकेंद्रे 2025 पर्यंत बंद होतील असे सरकारने 2015 सालीच सांगितले होते. रॅटक्लिफला जवळजवळ नऊ वर्षे मिळाली आणि तिथला शेवट शांतपणे झाला. पोर्ट टॅल्बटला झोतभट्ट्यांच्या जागी विद्युत भट्टी येणार आहे, त्यासाठी सरकारने 50 कोटी पौंड देऊ केले आहेत. पण जुन्या भट्ट्या आधी विझल्या, नवी काही वर्षांनी पेटणार, आणि मधल्या काळासाठी दोन हजारांवर माणसे घरी गेली. हवामानाचे कारण दोन्हीकडे तेच होते. फरक पडला तो दिलेल्या मुदतीचा.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध ‘ह्यू लिंडसे’वर संपत नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणी चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी, सावनेर या पट्ट्यात पसरल्या आहेत. चंद्रपूरचे 2,920 मेगावॉटचे वीजकेंद्र त्यांच्यावर चालते. भारताचे कोळसा उत्पादन 2024-25 साली शंभर कोटी टनांच्या पुढे गेले. आपल्याकडे हा उद्योग उतरणीला लागलेला नाही, आणि ब्रिटनचे वेळापत्रक आपल्याला लागू करणे अन्यायाचे ठरेल. पण विदर्भातल्या जुन्या भूमिगत खदानी एकेक करून बंद होत आहेत आणि काम खुल्या खदानींकडे सरकते आहे, जिथे यंत्रे जास्त आणि माणसे कमी. खाण बंद करण्यासाठी आधीपासून पैसा बाजूला ठेवण्याची सक्ती केंद्र सरकारने 2009 साली केली, ही चांगली गोष्ट. तो पैसा मात्र हेक्टरी दराने मोजला गेला. जमीन किती हे मोजले. तिच्यावर किती चुली अवलंबून आहेत हे मोजले नाही. अलीकडे उपजीविकेचा विचार सरकारी कागदांत येऊ लागला आहे, पण कागदावरून गावात यायला त्याला अजून वेळ आहे. कंत्राटी कामगार, ट्रकचालक, खदानीच्या तोंडाशी चहाची टपरी लावणारा, प्रकल्पग्रस्त म्हणून जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा, यांपैकी कोणाची नोंद कोणत्या वहीत होईल, हे आज ठरलेले नाही.

पुस्तकाची रचना काळानुसार आहे, पण प्रत्येक प्रकरण एका खाणीभोवती किंवा एका गावाभोवती फिरते. खाणींतल्या स्त्रियांचा इतिहास मी वेगळा काढलेला नाही. 1842 च्या कायद्याने त्यांना भूगर्भातून बाहेर काढले असले तरी संपाच्या वर्षी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवून तो टिकवला त्यांनीच, म्हणून त्या जागोजागी येतात. संपाच्या राजकारणात कोण बरोबर होते याचा निकाल मी दिलेला नाही.

एका बाबतीत मात्र मी तटस्थ नाही. एखाद्या प्रदेशाने पिढ्यान् पिढ्या देशाला ऊर्जा पुरवली असेल, तर ती थांबवण्याची तारीख त्याला दहा-पंधरा वर्षे आधी कळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ती तारीख ठरवणाऱ्यानेच पुढच्या खर्चाची तरतूद त्याच कागदावर लिहिली पाहिजे. हे करणे शक्य असते हे लिंबर्गने 1965 साली दाखवले, आणि न केल्यास काय होते हे ब्रिटनने 1992 साली. विदर्भाच्या खदानींपाशी अजून वर्षे शिल्लक आहेत. ती मागण्या मांडण्यासाठी वापरायची असतील तर त्यांतली पहिली मागणी तारखेची असावी.